झोका थांबतो ती जागा

चोपडा,
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय रुपचंद,
रामराम.

पाकीट बघून दचकू नकोस, वाईट बातमी नाही. मागच्या आठवड्यात बाजारात तुझा प्रेमराज भेटला. कुणाच्या लग्नाच्या फोटोंची ऑर्डर घ्यायला आला होता. म्हणाला, "नानांना आता फोनवर काही म्हणजे काही ऐकू येत नाही, आणि कानाचं मशीन लावून दिलं तर काढून फेकतात." तुझा स्वभाव शाळेपासून माहीत आहे, त्यामुळे नवल वाटलं नाही. म्हणून हे पत्र. पोस्टातल्या पोरीनं विचारलं, "आबा, कुठे नोकरीचा अर्ज करताय का?"

काम असं आहे. आमच्या हितेंद्रचा कॅमेरा कपाटात पडून होता. पुण्याला असताना त्यानं कुण्या साहेबाकडून जुना विकत घेतला होता. हितेंद्र जाऊन आता तीन वर्षं होतील, तेव्हापासून मी त्याला हात लावला नव्हता. दिवाळीत काढला, पुसला, बॅटरी लावली तर चक्क चालू झाला. पण हा कॅमेरा काही वेगळाच आहे बुवा. डिजिटल आहे, मागे पडदा आहे, पण फोकस आपोआप होत नाही. कोपऱ्यातल्या बारीक खिडकीतून बघायचं. आत पांढऱ्या रेघांची चौकट दिसते आणि मधोमध एक छोटा चौकोन. त्या चौकोनात समोरचा माणूस दोन-दोनदा दिसतो. मला वाटलं मोतीबिंदू वाढला.

मला लहान मुलांचे फोटो काढायला शिकव. उभ्या मुलांचे नाही, पळणाऱ्या मुलांचे. आमची दिपमाला आता सहा वर्षांची झाली. पायाला भिंगरी आहे तिच्या, एका जागी ठरत नाही. हितेंद्रनं काढलेले तिचे फोटो कार्डात आहेत, ते बठ्ठे, सगळेच हललेले. एकात नुसती वेणी आहे.

या वयात कसली हौस म्हणून हसशील. हस. पण शिकव.

तुझा,
बन्सीलाल

·

धुळे,
१ डिसेंबर २०२४

बन्सी,

हसलो. प्रेमराजच्या बायकोनं वर येऊन बघितलं, म्हातारा एकटाच का हसतोय म्हणून.

गाढवा, तुझे डोळे चांगले आहेत. त्याला रेंजफाइंडर म्हणतात. माझ्याकडे तसलाच रोलवाला होता, आठवतो का? शाळेच्या स्नेहसंमेलनाला तोच घेऊन फिरायचो. त्या चौकोनात दोन बन्सी दिसत असतील तर लेन्सची कडी फिरवत राहायचं. दोन्ही बन्सी एकमेकांवर बसले, एकच झाला, की फोकस बसला. एवढंच.

पण पळणाऱ्या पोराला हे जमत नाही. तू दोन दिपमालांची एक करेपर्यंत ती शेजारच्या गल्लीत. म्हणून पोराच्या मागे कडी फिरवायचीच नाही. अंतर आधी बांधून ठेवायचं आणि पोर तिथं येण्याची वाट बघायची. लेन्सवर फुटाचे आकडे आहेत. कडी दहा फुटांवर ठेव. अपर्चर आठ, शटर पाचशे, ऊन चांगलं हवं. आता दहा फूट म्हणजे किती हे मला विचारू नकोस. तू आयुष्यभर पाच-पाच फुटांवर केळी लावल्या. एक खोड सोडून दुसरं, तेवढं अंतर. पोर दुसऱ्या खोडापाशी आलं की दाब.

दुसरं. मागच्या पडद्यावर काळी पट्टी चिकटव. एक फोटो काढला की लगेच मान खाली घालून बघत बसशील, आणि खरी गंमत तेवढ्यात होऊन जाते. तिसरं, फोटो मोबाईलवर पाठवायचे नाहीत. कागदावर छापून पोस्टानं पाठव. पडद्यावर मी काही बघत नाही. खाली दुकानात प्रेमराजचे पडदेच पडदे आहेत. ड्रोन उडवतो, नवरा-नवरीला नदीत उभं करतो. मी खाली उतरलो की गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं बोलतो म्हणून मला वर बसवून ठेवलं आहे. चहा वर येतो, जेवण वर येतं. तुझं पत्रही वर आलं, ते बरं झालं.

हितेंद्रच्या दिवसाला आलो होतो तेव्हा ती पोर कुणाच्या तरी कडेवर होती. माझा चष्मा ओढत होती. तिचा फोटो आधी पाठव.

रुपचंद

·

चोपडा,
२२ डिसेंबर २०२४

प्रिय रुपचंद,

ऐक माझी फजिती. पडद्याला पट्टी लावली. दोन दिवस बागेत जाऊन खोडं बघितली, अंतर डोळ्यात बसवलं. मग एका शनिवारी आपल्या झेडपी शाळेत गेलो. मास्तर ओळखीचे, पोरांचा कबड्डीचा तास होता. पोरं नुसती अंगावर येत होती, प्रत्येकाला आपलाच फोटो हवा. "आबा, मना फोटो काढ! आबा, आते मना!" मी म्हटलं खेळा तुम्ही, माझ्याकडे बघूच नका. अगदी तू सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या खोडावर पोर आलं की दाब, आलं की दाब. सकाळभर काढले. घामाघूम झालो पण गडी खूश.

स्टँडजवळच्या लॅबवाल्याकडे कार्ड दिलं. त्यानं लावलं, माझ्याकडे बघितलं, परत लावलं. म्हणाला, "आबा, यामा ते काहीच नही."

लेन्सचं झाकण काढलं नव्हतं रे.

खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं की! कबड्डी दिसत होती, मास्तर दिसत होते. झाकण लावलेलं असताना दिसेलच कसं, असं कुणालाही वाटेल. लॅबवाल्यानं समजावलं तेव्हा कळलं, की या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. आपल्याला सगळं दिसतं आणि कॅमेऱ्याला अंधार. शाळेत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. पोरं रोज विचारतात, "आबा, फोटू?"

नंतर पुन्हा जाऊन काढले. पाच-सहा छापून पाठवतो आहे. दिपूचा मात्र नाही. ती हाती लागत नाही. पुढच्या वेळी बघू.

इकडे थंडी बरी आहे. जेवण आपल्या गड्याच्या, उखर्डूच्या घरून येतं. भाकरी चांगली करतात.

तुझा,
बन्सीलाल

·

धुळे,
५ जानेवारी २०२५

बन्सी,

झाकणाचं वाचून मी इतका खोकलो की सून पाणी घेऊन आली. तिला कागदावर लिहून दाखवलं, तर तीही हसली. या घरात आम्ही दोघं एका गोष्टीवर हसलो, याला किती दिवस झाले असतील कोण जाणे. तुझे उपकार.

आता फोटो. कबड्डीच्या फोटोत सगळ्यांच्या पाठी का आहेत? कारण पोर चौकटीत शिरलं की मग तू दाबतोस. तोवर ते निघून गेलेलं असतं. त्या पांढऱ्या रेघांच्या बाहेरही दिसतं ना तुला? हितेंद्रच्या कॅमेऱ्याची सगळी मजा तिथंच आहे. दुसऱ्या कॅमेऱ्यात फक्त फोटोत येणारं दिसतं. यात बाहेरचं दिसतं, कोण येणार आहे ते आधी कळतं. तू चौकटीत बघू नकोस, चौकटीच्या बाहेर बघ. तिकडून पोर येताना दिसलं की बोट तयार ठेव.

आणि आता मुद्द्याचं. घरात नात असताना तू गल्लीतल्या पोरांच्या मागे का फिरतोस? हाती लागत नाही म्हणजे काय? अंगणात खेळत असेल ना? आणि घरात सून असताना भाकरी उखर्डूकडून का येते?

मला वाटतं ते स्पष्ट लिहितो, राग आला तर येऊ दे. भूमिकानं अंथरूण धरलं असेल, नाहीतर पोरीला कुणाच्या नजरेला पडू देत नसेल. तीन वर्षं झाली बन्सी. ती पोरगी तिशीच्या आसपासची. तू तिला आपल्या घरात कोंडून ठेवलंस. हितेंद्र तुझा मुलगा होता हे मान्य, पण त्याच्या नावानं तिनं आयुष्यभर तुझ्या चुलीपाशी बसावं का? चांगला मुलगा बघ आणि तिचं लग्न लावून दे. जमाना बदलला, तूही बदल.

पत्र फाडलंस तरी चालेल, पण विचार कर.

रुपचंद

·

चोपडा,
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय रुपचंद,

उत्तराला उशीर झाला. पत्र फाडलं नाही. दोन-तीनदा लिहायला बसलो आणि उठलो.

भूमिकाचं लग्न मी गेल्या जूनमध्येच लावून दिलं. मीच मुलगा बघितला. तुझ्या धुळ्यातच आहे, देवपूरला. दीपक नाव, कॉलेजात क्लार्क आहे, त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली. शांत माणूस आहे. दिपूला मुलीसारखी नेईन म्हणाला आणि नेली. भूमिकाचे आईवडील नाहीत हे तुला माहीत नसेल. पहूरच्या काकांनी वाढवलं, पण दुसरं लग्न म्हटल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. म्हणाले, पुन्हा आमच्या दारात यायचं नाही. मग कन्यादान मी केलं. भटजींनी विचारलं, मुलीचे वडील कोण, तर मी पुढे झालो. मंदिरात दहा-पंधरा माणसं होती. तुला बोलावलं नाही, कुणालाच बोलावलं नाही. रडू आलं असतं तर कुणी बघायला नको होतं.

म्हणून दिपू हाती लागत नाही. तुला आधीच सांगायला हवं होतं. पण पहिल्या पत्रात "आमची दिपमाला" असं लिहिलं आणि तेवढा वेळ बरं वाटलं. ती घरातच आहे, अंगणात पळते आहे, असं तुला वाटतं आहे, तर वाटू दे म्हटलं.

केलं ते योग्यच केलं. त्याबद्दल मनात काही नाही. पण रुपचंद, घर खायला उठतं रे. तुझी वहिनी गेली तेव्हा हितेंद्र होता. हितेंद्र गेला तेव्हा या दोघी पुण्याहून इथं आल्या. सकाळी उठलो की दिपूचा आवाज असायचा. आता सकाळी उठतो तर पंप चालू झाल्याचा आवाज येतो, तेवढाच.

दोघींचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही. दिपू हललेली, आणि भूमिका पदराआड. लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्यासमोर तिच्या डोक्यावरून पदर नाहीतर ओढणी कधी ढळली नाही. पुण्यात काय घालायची मला ठाऊक नाही, पण इथं उंबऱ्याच्या आत सासऱ्यासमोर मान वर केली नाही. चांगल्या घरची रीत. पण तिचं तोंड आठवायला गेलो तर मला पदराचा काठ आठवतो.

आता आखाजी येते आहे, अक्षय्य तृतीयेची. आखाजीला लेकी माहेरी येतात. मनात येतं, तिला दुसरं माहेर कुठे आहे? येईल कदाचित. आली तर दिपू झोक्यावर बसल्याशिवाय राहणार नाही. तेवढा एक फोटो मला नीट यायला हवा. त्यासाठी ही सगळी खटपट आहे.

एक विनंती. तू त्यांच्याकडे जाऊ नकोस. म्हाताऱ्यानं माणूस पाठवला, असं नको व्हायला. आता ती दुसऱ्यांच्या घरची. मी बोलावलं तर तिच्या सासरच्यांना काय वाटेल? पहिल्या नवऱ्याच्या बापाला अजून हक्क दाखवायचा आहे, असंच ना? तिच्या मनात असेल तर ती आपणहून येईल.

तुझा,
बन्सीलाल

·

धुळे,
६ मार्च २०२५

बन्सी,

मी मूर्ख आहे. तुला जमाना शिकवायला निघालो होतो. मागच्या पत्रातलं ते सगळं पान तू फाड, मी सांगतो म्हणून फाड.

मला नीट लिहिता येत नाही अशा वेळी. कामाचं लिहितो.

झोक्यावरच्या पोराचा फोटो सगळ्यात अवघड असं लोकांना वाटतं, पण तो सगळ्यात सोपा. झोका मधून जातो तेव्हा सुसाट असतो, तिथं तुझं पाचशे शटरही हात टेकेल. पण झोका पुढे येतो, वर चढतो आणि परत फिरण्याआधी क्षणभर थांबतो. पोर हवेत, पाय पुढे, केस पुढे आलेले, आणि सगळं स्तब्ध. त्या जागेवर फोकस बांधून ठेवायचा. झोका दर वेळी तिथंच येणार, त्याला दुसरीकडे जाताच येत नाही. तू फक्त हलू नकोस.

ऊन उतरलं की मात्र अपर्चर आठावर चालणार नाही. दोनवर आणावं लागेल. मग फोकसला जराही माया नसते. ज्या अंतरावर कडी आहे तेवढंच स्पष्ट, पुढचं-मागचं सगळं धुरकट. चुकलास तर गेलं.

आखाजीची वाट बघू नकोस. झोका आत्ताच बांध. अंगणातला निंब आहे ना अजून? सराव कर.

देवपूर माझ्या खोलीपासून रिक्षानं किती लांब, हे मी तुला सांगत नाही. जाणार नाही म्हटलं तर नाही.

रुपचंद

·

चोपडा,
२ एप्रिल २०२५

प्रिय रुपचंद,

झोका बांधला. उखर्डूनं वर चढून दोर टाकला. गल्लीतल्या बायका म्हणतात, आबांना आखाजीची भलतीच घाई झाली. पोरं संध्याकाळी येतात, त्यांच्यावर सराव केला. सोबत दोन प्रिंट आहेत, बघ, या वेळी पाठी नाहीत. दात दिसताहेत.

तिसरा प्रिंट रिकाम्या झोक्याचा आहे. दुपारी पोरं नसतात तेव्हा मीच एक ढकल देतो, धावत जाऊन माझ्या जागेवर बसतो आणि थांबतो त्या ठिकाणी दाबतो. पाटाच्या शिरा पण मोजता येतील इतका साफ आला आहे. वाईट दिसतो का? मला तर बरा वाटला.

भूमिकाचा रविवारी फोन असतो. आधी दिपू बोलते. परवा म्हणाली, "आबा, झोका बांधला का?" म्हटलं बांधला. "कोण बसतं?" म्हटलं शेजारची पोरं. मग भूमिकानं फोन घेतला. "आबा, गोळी घेता ना? जेवण वेळेवर येतं ना?" म्हटलं हो. मग दोघंही गप्प. मी वाट बघत होतो ती आखाजीचं काही बोलेल. ती पण बराच वेळ फोन धरून होती, पण बोलली नाही. मग म्हणाली, "ठेवते आबा."

नाही येणार ती. आणि बरोबरच आहे. नवीन संसार आहे, त्यात जुनं घर कशाला? मी उगाच आस लावून बसलो. आखाजी महिनाअखेरीला आहे. घागर भरेन, हितेंद्रच्या नावानं आणि तुझ्या वहिनीच्या नावानं. मग झोका सोडून टाकेन.

तू शिकवलंस, त्यात मन रमलं. तेवढं पुष्कळ झालं.

तुझा,
बन्सीलाल

·

धुळे,
१३ एप्रिल २०२५

बन्सी,

रिकाम्या झोक्याचा फोटो पुन्हा पाठवलास तर मी तुझं नाव टाकीन. तो प्रिंट उशाशी ठेवला होता. दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी उठलो, तुझे सगळे प्रिंट पाकिटात घातले आणि देवपूरला गेलो. हो, गेलो. तू नको म्हणाला होतास. मला ऐकू येत नाही.

कॉलेजच्या क्लार्कचं घर विचारत विचारत सापडलं. दार पोरीनंच उघडलं. अगदी हितेंद्रची हनुवटी. माझा चष्मा बघितला आणि हात पुढे केला, शप्पथ सांगतो. भूमिकानं ओळखलं नाही. मी सांगितलं, मी आबांचा मित्र, बहिरा आहे, लिहून दाखव. घरात कागद शोधला, तेवढ्यात दिपूनं आपली पाटी आणली. मग मी बोलायचो आणि ती पाटीवर लिहायची. दिपू ओल्या फडक्यानं पुसायला बसलेली.

पहिलं लिहिलं, "आबा कसे आहेत?" म्हटलं बरा आहे, तुझी वाट बघतो, महिनाभर आधी झोका बांधून बसला आहे, तू जाणार कधी? तिनं खडू हातात धरून ठेवला. मग लिहिलं, "मला न्यायला मुऱ्हाळी कोण आलं?"

तिनं पुसून पुन्हा लिहिलं, "पहिली आखाजी. गल्लीतल्या सगळ्या सुनांचे भाऊ येऊन गेले. सासूबाई रोज विचारतात, तुझं मूळ कधी येणार? मी काय सांगू?" आणि मग एकदम खालच्या ओळीत, "आबांनी कन्यादान केलं. मी त्यांची लेक की नाही, ते त्यांनाच विचारा." ते दिपूला पुसू दिलं नाही, स्वतःच्या हातानं पुसलं आणि चहा टाकायला आत गेली.

बन्सी, अरे काय माणूस आहेस तू! लेक कधी आपणहून येते का? तुझी बहीण यायची का? तुझा बाप बैलगाडी जुंपून तुलाच पाठवायचा ना मुऱ्हाळी म्हणून? कन्यादान करायला पुढे झालास, आणि तिला घरी आणायची वेळ आली तेव्हा सासरा होऊन बसलास. तू तिकडे म्हणतोस मनात असेल तर येईल, ती इकडे म्हणते लेक असेन तर नेतील. दोघंही रविवारी फोन धरून गप्प. दीपकची आई पाटी हातात घेऊन मला मोठ्या अक्षरात लिहिते, "आम्ही काय नाही म्हणतो का? कोणीतरी या."

आता माझं ऐक. तुला दुसरा मुलगा नाही, पुतण्या नाही. मुऱ्हाळी म्हणून मी जातो. पण धुळ्यातल्या धुळ्यात जाऊन मुऱ्हाळी होत नसतं. मुऱ्हाळी माहेराहून निघतो. मी आधी एसटीनं चोपड्याला येतो. तुझ्या घरचं पाणी पितो. तू तिच्यासाठी साडी आणि दिपूसाठी परकर घेऊन ठेव, सांजोऱ्या उखर्डूच्या बायकोला करायला सांग. मग तुझ्या अंगणातून निघून परत धुळ्याला येतो आणि त्यांना घेऊन पुन्हा चोपड्याला. प्रेमराज म्हणतो, नाना, वेड लागलं का, इथून दहा मिनिटांच्या घराला चोपड्यावरून जाता? मी म्हटलं मला ऐकू आलं नाही.

ये म्हणतोस का?

रुपचंद

·

चोपडा,
१७ एप्रिल २०२५

रुपचंद,

ये. लवकर ये. साडी आणली. कोणता रंग आवडतो ते मला माहीत नाही, हिरवी आणली.

बन्सी

·

चोपडा,
९ मे २०२५

प्रिय रुपचंद,

तू त्यांना घेऊन उतरलास आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघून गेलास. राहा म्हटलं तर म्हणे मुऱ्हाळ्याचं काम झालं. मला माहीत आहे, तू का राहिला नाहीस. घरात आमचीच माणसं असावीत म्हणून. वेडा आहेस. तू गेल्यावर दिपूनं विचारलं, "चष्मेवाले आजोबा कुठे गेले?"

आखाजीला घागर भरली. दोन घागरी, तुझ्या वहिनीची आणि हितेंद्रची. घागरीवरचं खरबूज, आपलं डांगर, दिपूनं ठेवलं. भूमिका लांब उभी होती, येऊ की नको असं तिच्या पायांतच दिसत होतं. मी म्हटलं, "ये बेटा, तुझंच घर आहे." बेटा असं मी तिला पहिल्यांदा म्हटलं. आली. दोघांनी मिळून पाणी सोडलं. ती रडली, मीही रडलो, आणि मग सगळ्यांनी आमरस खाल्ला.

संध्याकाळी दिपू झोक्यावर. गल्लीतल्या पोरींनी झोका चढवला होता. मी माझ्या जागेवर बसलो, सगळं तू सांगितल्याप्रमाणे. ऊन उतरलं होतं म्हणून अपर्चर दोनवर. झोका थांबतो ती जागा, कडी बांधलेली, बोट तयार. झाकण काढलेलं होतं, शप्पथ. दिपू येत होती, थांबत होती, जात होती. मी म्हटलं दोन झोके सोडतो आणि तिसऱ्याला दाबतो.

तेवढ्यात चौकटीच्या रेघांच्या बाहेर, डावीकडे, दाराशी काहीतरी हललं. भूमिका बाहेर आली. न्हालेली होती. पायरीवर बसली, केस मोकळे पाठीवर टाकले आणि बोटांनी विंचरायला लागली. डोक्यावर पदर नाही, ओढणी नाही, काही नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आबा, फोटो आला का?" आणि दिपूचे हवेतले पाय बघून हसली. मोठ्यानं हसली. माझ्या घरात तिचं हसणं मी कधी ऐकलंच नव्हतं.

मग काय झालं मला सांगता येत नाही. कॅमेरा थोडा डावीकडे वळला. मधल्या चौकोनात दोन भूमिका दिसत होत्या. तू बजावून सांगितलं होतंस की कडीला हात लावू नकोस, पण बोटानं कडी आपोआप फिरली. दोघी जवळ आल्या, एकमेकींवर बसल्या, एकच झाली. दिपू समोरून आली आणि मी दाबलं.

प्रिंट सोबत आहे. तुझ्या हिशेबानं फसला. दिपू सगळी धुरकट, नुसते तळपाय आणि उडालेला परकर. इतके महिने ज्याच्यासाठी शिकलो ते गेलं. पण मागे पायरी बघ. तिचा एक-एक केस दिसतो आहे. अशी बसते रे लेक माहेरात.

पाच दिवस राहिल्या. दीपक न्यायला आला, त्याची गाडी दाराशी थांबली तशी भूमिकानं ओढणी डोक्यावर घेतली. जाताना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "पुढच्या आखाजीला मुऱ्हाळी लवकर धाडा, आबा. या वर्षी फार वाट बघायला लावली."

घर पुन्हा रिकामं झालं. पहिल्या दिवशी तर मी दिवा पण लावला नाही, तसाच ओट्यावर बसून राहिलो. सकाळी पुन्हा पंपाचा आवाज. उखर्डू म्हणाला, "आबा, झोका सोडू का? उन्हात दोर कुजेल." म्हटलं राहू दे.

पुढच्या वर्षी तुलाच जायचं आहे, तब्येत सांभाळ. आणि फोटोचा फोकस चुकला असं लिहून पाठवलंस, तर याद राख.

तुझा,
बन्सी